ससे हाकलले तरी गोचिड्या का जात नाहीत?

पाऊस पडून गेला, गवत गुडघ्याला लागलं, की कुत्र्याच्या कानात गोचिड्या, शेळीच्या शेपटीखाली गोचिड्या, आणि संध्याकाळी पायमोजे काढले की घोट्यावर एखादा तपकिरी ठिपका चालताना दिसतो. नेमकी त्याच दिवसांत वाफ्यातली कोवळी रोपं कुणीतरी खुडून नेलेली असतात आणि पहाटे बांधाशी लांब कान हलताना दिसतात. डोकं लगेच दोन्हीचा मेळ घालतं: ससे आले, सोबत गोचिड्या घेऊन आले. मग ससे हाकलायचे, जनावरांना काहीतरी चोळायचं, पंधरा दिवस बरे जायचे, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी दोन वर्षं हेच केलं. पहिल्या वर्षी घराभोवतीचं सगळं आवार जाळीनं बंद करून टाकलं. ससे थांबले, भाजी वाचली आणि गोचिड्या वाढल्या. कमी झाल्या नाहीत एवढंच असतं तर समजलं असतं, पण वाढल्या कशा? त्याचं उत्तर मिळायला दुसरं वर्ष उजाडलं. माझं चोर सोडून संन्याशाला फाशी असं झालं होतं. अर्थात संन्यासीही अगदीच निर्दोष नव्हता.

आधी गोचीड कोणती ते बघा

सगळ्या गोचिड्या सारख्याच दिसतात म्हणून आपण त्यांना एकाच मापानं मोजतो. इथेच पहिली चूक होते. ओळखण्यासाठी प्राणिशास्त्र शिकायची गरज नाही. ती कुठे सापडते आणि पोट भरल्यावर कुठे जाते, एवढं पाहिलं तरी पुरतं.

कुत्र्याची गोचीड एकसारख्या तांबूस-तपकिरी रंगाची असते, पाठीवर नक्षी नसते. ती रक्त पिऊन कुत्र्यावरून गळते आणि वर चढू लागते. भिंतीच्या भेगा, दाराच्या चौकटीचा सांधा, कुत्रा झोपतो त्या पोत्याची शिवण, कधी थेट आढ्याचा कोपरा. तिच्या तिन्ही अवस्था, म्हणजे सहा पायांचं पिल्लू, आठ पायांचं अर्धवट वाढलेलं आणि पूर्ण वाढलेली गोचीड, बहुतेक वेळा कुत्र्यावरच जगतात. तुमच्याकडे भिंतीवर चढणाऱ्या गोचिड्या दिसत असतील तर सशाला विसरा. त्याचा इथे काही संबंध नाही.

दुसरी गाई-म्हशींची. ही पिल्लू म्हणून जनावरावर चढली की तीन आठवड्यांच्या आसपास तिथेच राहते, तिथेच कात टाकते, तिथेच मोठी होते आणि पोट भरल्यावरच खाली पडते. कासेवर, मांडीच्या आतल्या बाजूला, गळ्याच्या पोळीत बघा. इथेही सशाचा वाटा जवळजवळ शून्य.

तिसरा गट रानगोचिडांचा. या लहानपणी लहान प्राण्यांवर जगतात: उंदीर, ससा, जमिनीवर चरणारे पक्षी. मोठ्या झाल्या की शेळी, गाय, कुत्रा, माणूस. यातल्याच हायलोमा जातीच्या गोचिडीला लांब पाय असतात आणि पायांवर फिकट-गडद पट्टे. ती गवताच्या टोकावर बसून वाट पाहत नाही, तुमच्या दिशेनं पळत येते. एकदा उघड्या जमिनीवर बादली पालथी घालून त्यावर पाच मिनिटं बसले होते. दोन हात अंतरावरून एक गोचीड मातीच्या ढेकळांवरून चढत-उतरत सरळ माझ्या चपलेकडे निघाली. बादली उचलून बाजूला सरकले, तर थोडं थांबून तिनंही दिशा बदलली. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब तिला लांबून कळते. पुढच्या पायांवर त्यासाठीचं इंद्रियच असतं.

म्हणजे सशाचा प्रश्न फक्त तिसऱ्या गटात येतो. माझ्याकडे निघाले दोन गट: कुत्र्याची आणि रानातली. मी दोघींवर एकच उपाय करत होते आणि तो एकीलाही लागू पडत नव्हता.

मग पांढरं फडकं ओढा

या एका गोष्टीनं माझे डोळे उघडले. खर्च काहीच नाही. जुन्या पांढऱ्या चादरीचा साधारण एक मीटर लांब-रुंद तुकडा घ्या, एक कड काठीला बांधा, काठीच्या दोन्ही टोकांना दोरी लावा. खालची कड जमिनीला टेकून राहावी म्हणून तिथे दोन-चार नट-बोल्ट शिवून टाका. सकाळी दव वाळल्यावर हे फडकं गवतावरून सावकाश ओढायचं, दर दहा पावलांनी उलटून बघायचं. गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून टपून बसलेल्या गोचिड्या त्याला चिकटतात. फडकं ओलं झालं तर चिकटत नाहीत, म्हणून दवात करू नका.

आधी अंगण: शून्य. मग गोठ्यापासून विहिरीपर्यंतची पायवाट: तीन. मग जाळीच्या कडेकडेनं निघाले. पहिल्या दहा पावलांत अकरा. पुढे जळाऊ लाकडांच्या ढिगापाशी फडकं उलटलं तर त्यावर चिमूटभर तपकिरी पूड सांडल्यासारखं दिसलं. झटकायला हात पुढे केला आणि पूड चालायला लागली. ती नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लं होती, टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान, शेकड्यांनी. चिकटपट्टीनं उचलून, पट्टी दुमडून टाकली. हात झटकून, अंग खाजवत घरी आले आणि दिवसभर प्रत्येक तीळ गोचीड वाटत होता.

या फडक्याची मर्यादाही सांगते. भिंतीत राहणारी कुत्र्याची गोचीड याला सापडत नाही, आणि पळत येणारी हायलोमाही फारशी नाही. टपून बसणाऱ्यांसाठी मात्र याहून सोपी तपासणी नाही. कागदावर आवाराचा ओबडधोबड नकाशा काढून आकडे लिहून ठेवा. दोन आठवड्यांनी पुन्हा ओढा. उपाय लागू पडतोय की नाही हे कुत्र्याच्या कानावरून कळायला उशीर होतो, फडक्यावर लगेच कळतं.

जाळीनं काय बिघडवलं

नकाशा पाहिल्यावर उलगडा झाला. जाळी लावल्यापासून तिच्या दोन्ही अंगांना हातभर पट्टा कापलाच जात नव्हता, कारण विळा जाळीत अडकतो. तिथे गवत माजलं, पालापाचोळा अडकला, खाली कायम ओल आणि सावली. गोचिडीला नेमकं हेच लागतं. तिचं निम्म्याहून अधिक आयुष्य जनावरावर नाही, जमिनीवर जातं, आणि तिथे तिचा मोठा शत्रू म्हणजे कोरडी हवा. शेंड्यावर बसून अंगातलं पाणी कमी झालं की ती खाली ओल्या पाचोळ्यात उतरते, पाणी भरून घेते, पुन्हा वर चढते. पाचोळाच नसला तर ती वाळून मरते. मी तिला घराभोवती जणू तयार कुरणच लावून दिलं होतं.

लाकडांचा ढीगही त्या जाळीलाच टेकवलेला. त्याखाली उंदरांची बिळं, कुत्रा दिवसातून दहा वेळा तिथे नाक खुपसायला जाणार, शेळ्या चरायला निघताना त्याच कोपऱ्यावरून वळणार. ससा जाळीच्या आत येत नव्हता हे खरं, पण उंदीर येत होते, आणि गोचिडीच्या पिल्लाला ससा काय नि उंदीर काय.

गोचीड अंगावर कुठे चढली याचाच आपण विचार करतो. तपासायचं असतं ते पोट भरून ती गळली कुठे. रक्तानं टम्म फुगलेली मादी अगदी एरंडाच्या बीसारखी दिसते. लॅटिनमध्ये गोचिडीला आणि एरंडाला ‘रिसिनस’ हा एकच शब्द आहे, तो याच साम्यामुळे. ही मादी ओलसर आडोशाला जाते, जातीनुसार काही हजार अंडी घालते आणि मरते. काही आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडतात, आणि उपाशी राहूनही ती महिनोन्महिने तग धरू शकतात. आता ते ‘पंधरा दिवस बरे गेले’ आठवा. जनावरावर होत्या तेवढ्या आपण काढल्या, अंडी मात्र जमिनीत तशीच होती. औषधाचा गुण म्हणून ज्यावर खूश झालो, तो बऱ्याचदा दोन पिढ्यांमधला खंड असतो.

काय बदललं

लाकडांचा ढीग आधी हलवला. आता तो उन्हात आहे, दगडांवर फळ्या टाकून जमिनीपासून वीतभर उंच, चहूबाजूंनी मोकळा. पहिल्याच आठवड्यात उंदरांनी तिथलं बिऱ्हाड हलवलं. दाणा-पेंड झाकणाच्या पिंपात ठेवली नसेल तर मात्र उंदीर ढीग सोडून गोठ्यात येतील, तेव्हा हे दोन्ही एकाच दिवशी करा.

आवाराची जाळी काढली. ती फक्त भाजीच्या वाफ्यांभोवती लावली, आणि तिच्या बाहेर मीटरभर रुंदीचा पट्टा साफ करून खडी टाकली. घर आणि झुडपं यांच्या मध्येही असाच पट्टा केला. जाड लाकडी चिपा चालतात, बारीक भुसा नको, तो ओल धरतो. हा पट्टा म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे, जनावराच्या अंगावर बसून गोचीड तो ओलांडणारच. पण स्वतः चालत येणारीला कोरडी तापलेली खडी जड जाते, आणि इथून पुढे झुडपांत शिरायचं नाही हे मुलांनाही कळतं.

अंगणातलं आणि वाटेवरचं गवत चार बोटांपेक्षा वाढू देत नाही. कापलेलं गवत तिथेच न टाकता घरापासून लांबच्या खतखड्यात जातं. शेळ्यांची वाट बदलली, तो कोपरा आता कुणाच्याच रस्त्यात नाही. बांधावरची झुडपं ठेवली आहेत, फक्त वाटेवर वाकणाऱ्या फांद्या छाटते. गवत पेटवून द्यायचा सल्ला मलाही मिळाला होता. काही दिवस फरक पडतोही, पण गोचिड्या खाणाऱ्या मुंग्या, कोळी, पाली त्यात जातात आणि जळल्यानंतर फुटणारा कोवळा हिरवा पाला तर सशाला आमंत्रणच.

कुत्र्याची खोली: हा वेगळा धडा

इथे मी जवळजवळ हरले होते. विटांच्या भिंतीत गिलावा उडालेल्या भेगांमध्ये विजेरी मारली, तर आत गोचिड्या दाटीवाटीनं बसलेल्या. पोती जाळली. त्याऐवजी धुता येईल असं साधं अंथरूण दिलं, ते दर आठवड्याला उकळत्या पाण्यात. गार पाण्यात धुऊन गोचीड मरत नाही, ती ताजीतवानी होऊन बाहेर येते. भेगांत आधी उकळतं पाणी ओतलं, वाळल्यावर सिमेंटनं बुजवल्या. चौकटीचे सांधेही भरले.

आणि कुत्र्याला पशुवैद्याकडून गोचिडांचं औषध सुरू केलं. हो, नैसर्गिक उपायांच्या गोष्टीत हे बसत नाही, पण मला त्याची लाज वाटत नाही. औषध दिलेला कुत्रा स्वतःच सापळा होतो: भिंतीतून उपाशी गोचीड येते, त्याच्यावर चढते, मरते. तीन महिने खंड न पाडता हे केलं तेव्हा खोली मोकळी झाली. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं औषध तिला लावू नका. परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं औषध मांजराच्या जिवावर बेततं.

कुत्रा खाईनासा झाला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, लघवी गडद झाली, तर घरगुती काहीही करत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्य. शेळीच्या लहान करडांवर खूप गोचिड्या असतील तरीही तेच. नुसत्या रक्तक्षयानं करडू जाऊ शकतं.

नैसर्गिक उपायांपैकी काय उरलं

निंबोळी अर्काचा उपयोग होतो, पण हळू. तो गोचीड तिथल्या तिथे मारत नाही, वाढीत आणि अंड्यांत अडथळा आणतो, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा मारावा लागतो. मी तो गोठ्याच्या भिंतीच्या खालच्या दोन हातांवर आणि कोपऱ्यांत मारते. मेटारायझियम ही बुरशी गोचिडीच्या अंगावर रुजून तिला मारते. ती संध्याकाळी, जमीन ओलसर असताना फवारायची, कारण कडक उन्हात तिचे बीजाणू टिकत नाहीत. शेतीसाठी मिळणारा प्रत्येक वाण गोचिडीवर सारखा चालत नाही, तेव्हा एका कोपऱ्यात करून फडक्यानं मोजा, मग सगळीकडे.

कोंबड्या गोचिड्या टिपतात, हे स्वतः पाहिलंय. सकाळी शेळ्या रवंथ करत बसलेल्या असताना कोंबडी त्यांच्या पोटाखालून फुगलेली गोचीड अलगद उचलते. पण पिल्लांची पूड तिला दिसत नाही, त्यामुळे सगळी भिस्त तिच्यावर नको. शिवाय खुराड्यात कोंबड्यांची स्वतःची वेगळी गोचीड असते, चपटी, कातड्यासारख्या अंगाची. ती दिवसा फटीत लपते आणि रात्री रक्त पिऊन परत जाते, म्हणून दिवसा कोंबडी तपासून मोठी गोचीड सहसा सापडत नाही. रात्री विजेरी घेऊन बसायच्या दांड्याचे सांधे बघा.

डायटोमाइट माती, म्हणजे सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांची बारीक पूड, कोरड्या भेगेत काम करते, ओल लागली की संपली. नाका-तोंडाला फडकं बांधल्याशिवाय ती उधळू नका. तंबाखूचं पाणी जनावराच्या अंगाला चोळायची जुनी पद्धत मात्र पूर्ण बंद करा. निकोटिन कातडीतून आत जातं, जनावर चाटूनही घेतं, आणि विषबाधा होते. रॉकेलचंही तेच. लसूण खाऊ घालून गोचीड जाते म्हणतात, माझ्या शेळ्यांच्या तोंडाला फक्त वास आला.

आता ससा

मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना एकच नाव देतो. एक बिळं खणून टोळीनं राहणारा, दुसरा रानससा, जो बीळ करतच नाही. तो गवतात अंगाच्या मापाचा खळगा दाबून त्यात पडून राहतो. जाळी लावण्याआधी तुमच्याकडचा कोणता हे बघा. बिळं करणाऱ्यासाठी जाळीचा तळ वीतभर जमिनीत गाडावा लागतो, किंवा बाहेरच्या बाजूला वाकवून जमिनीवर अंथरून वर दगड ठेवावे लागतात. रानससा उकरून आत येण्यापेक्षा फटीतून घुसतो किंवा उडी मारतो, त्याला उंची हवी. दोन फूट पुरत नाहीत, तीन फुटांच्या वर घ्या. जाळीचं भोक इंचभर, त्याहून मोठ्यातून पिल्लं आत येतात. आणि फाटक! सगळी जाळी चोख आणि फाटकाखाली चार बोटांची फट, हा प्रकार मी स्वतः केलाय.

रोपं सशानंच खाल्ली का, हेही बघून घ्या. त्याचे वरचे-खालचे पुढचे दात कात्रीसारखे चालतात, देठ तिरका आणि स्वच्छ कापलेला दिसतो. जवळ वाटाण्याएवढ्या गोल, कोरड्या लेंड्या असतात, फोडल्या तर आत गवताचे धागे. देठ ओरबाडून तुटलेला असेल तर दुसरं कुणीतरी आहे. लहान कलमांच्या बुंध्याला जाळीचं नळकांडं घाला, गुडघ्याच्या वरपर्यंत आणि सालीपासून दोन बोटं सुटं. केस, साबणाच्या वड्या, मिरचीचं पाणी या ससे पळवायच्या युक्त्या टिकतात त्या पहिल्या पावसापर्यंत.

रानसशाला मारायच्या किंवा सापळ्यात धरायच्या फंदात पडू नका. भारतात वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली तो गुन्हा आहे, आणि गोचिडांच्या बाजूनंही त्यात लाभ नाही. गवत आणि आडोसा तसाच राहिला तर रिकाम्या जागेत दुसरा ससा येतो, आणि तोवर उंदीर असतातच. मेलेला ससा सापडला तर उघड्या हातानं उचलू नका. थंड पडत चाललेल्या अंगावरून गोचिड्या उतरून पुढचं अंग शोधायला लागतात. गवतात केसाळ, उघड्या डोळ्यांचं एकटं पिल्लू निश्चल बसलेलं दिसलं तर ते पोरकं नसतं. रानसशाची आई दिवसभर लांब राहते आणि बहुधा अंधार पडताना दूध पाजायला येते. गवत कापण्याआधी तेवढा तुकडा डोळ्यांखालून घाला.

अंगाला चावलेली काढताना

बारीक टोकाचा चिमटा, कातडीला अगदी टेकवून तोंडाजवळ धरायचा आणि सरळ वर, एकसारखा ताण देऊन ओढायचं. पिळायचं नाही, हिसका द्यायचा नाही. उदबत्तीचा चटका, तेल, रॉकेल यातलं काही नाही, आणि बोटांनी चिरडायचं तर नाहीच. काढलेली गोचीड चिकटपट्टीत बंद करून तारीख लिहून ठेवते. जागा साबणानं धुवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप, पुरळ, अंगदुखी असं काही झालं तर डॉक्टरांना ती तारीख सांगा. गवतात जाताना फिकट रंगाची विजार घालून तिचं टोक मोज्यात खोवायचं. दिसायला विचित्र दिसतं, पण तपकिरी ठिपका लगेच नजरेत भरतो.

आज सकाळी फडकं ओढलं. अंगण शून्य, पायवाट शून्य, जुन्या ढिगाची जागा दोन. बांधाकडेला सात, आणि तिथे सात असायला माझी हरकत नाही, तिकडे आता कुणी जात नाही. ससा वाफ्याबाहेरच्या खडीवर बसून जाळीतून आत बघत होता. फाटकाखालची फट मी अजून विटांवरच भागवलीय, ती या आठवड्यात बुजवायची आहे.